दुप्पट नव्हे, बरोब्बर : आमच्या नांदूरकर मॅडम

डॉ. सुलभा नांदूरकर मॅडमची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा मी जमिनीपासून पाच मजले वर होतो. मॅडम शहरात, पुंडलिकनगरला, आपल्या प्रसूतिगृहात बसलेल्या आणि मी ओमानमध्ये, समुद्रकाठच्या एका कारखान्याच्या बांधकामावर, परांचीवर उभा. माझी बायको सुनीता हिनं तपासणीच्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावला होता. सुनीता दिसेल म्हणून मी घाईनं उचलला, तर समोर पांढऱ्या केसांच्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बाई.

"तुम्हीच गोरख का?"

"व्हय, मॅडम."

"तुमच्या मागं नुसतं आभाळच का दिसतंय?"

"परांचीवर हाय, मॅडम. कामावर."

"मग आधी खाली उतरा. मी इथं बाळाचं वजन सांभाळायला बसलेय, बाप खाली पडताना बघायला नाही. जमिनीवर पाय टेकले की फोन करा."

आणि फोन बंद. मी उतरलो. आमच्या केरळच्या फोरमननं विचारलं, कुणाच्या परवानगीनं उतरलास? मी म्हणालो, डॉक्टर का ऑर्डर है. तोही दोन पोरींचा बाप. फोन होईपर्यंत त्यानं माझी जागा धरली.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ निघतोय आणि त्यात तुम्हीही लिहा, असा निरोप मला आला तेव्हा मी जेवणाच्या रांगेत होतो. हातात ताट तसंच धरून मी पुढच्या-मागच्या सगळ्यांना सांगत सुटलो. या ग्रंथात मोठमोठे डॉक्टर लिहितील. मॅडमच्या पदव्या, त्यांचे विद्यार्थी, त्यांनी केलेली अवघड बाळंतपणं यांबद्दल ती मंडळी माझ्यापेक्षा कितीतरी नीट सांगतील. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. मी एकाच गोष्टीबद्दल लिहू शकतो. आईचं गरोदरपणात वाढलेलं वजन आणि लेकराचं पुढचं अंग यांचा काय संबंध असतो, हे मॅडमनी आमच्या घराला कसं समजावलं, तेवढंच.

त्यासाठी आमच्या थोरल्याबद्दल सांगावं लागेल. श्रेयस आमचा पहिला. सुनीताचं पहिलं बाळंतपण माहेरी, कन्नडला झालं. माहेरच्यांची एकच हौस, लेक सासरी परत जाईल तेव्हा भरलेली दिसली पाहिजे. सकाळी तुपातला शिरा, दुपारी डिंकाचे लाडू, संध्याकाळी मावशीकडं जेवण, दुसऱ्या दिवशी काकूकडं. नको म्हणलं की, "तुझ्यासाठी नाय गं, पोटातल्यासाठी खा." वरून मी ओमानहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पिस्ते, खजूर, दुधाची पावडर धाडत होतो. सुनीता आधीच अंगानं भरलेली होती, त्यात हे. बाळ झालं ते सव्वाचार किलोचं, तेही सिझेरियन करून. सगळ्या कन्नडला पेढे वाटले.

आमच्या गावी, पाचोडला आल्यावर तर विचारूच नका. आमच्या मायला नातवाचा इतका अभिमान की दर बाजाराला त्याला मोसंबीच्या आडतीवर न्यायची आणि तिथल्या मोठ्या काट्यावर उभा करायची. आडतवाले, हमाल, गिऱ्हाईक सगळे टाळ्या वाजवायचे. "वा रे पैलवान!" पोरगंही हसायचं. पण पोरगं शाळेत जायच्या वयाचं झालं तशी तीच माणसं, त्याच काट्यापाशी, "आला बगा दोन क्रेटांचा माल" असं म्हणायला लागली. शाळेत पळायच्या शर्यतीला त्याला कुणी घेईना. दोन जिने चढला की धाप लागायची. मग त्यानं बाजारात जायचं सोडलं, मैदानावर जायचं सोडलं. शाळा सुटली की घर, आणि घरात मोबाईल. मी कधीही फोन करो, पहिल्या रिंगला तोच उचलायचा.

सुनीताला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि मी त्याला फोनवर सांगितलं, "तुला भाऊ नायतर बहीण येणार." तो म्हणाला, "पप्पा, ते बी माझ्यासारखं जाडं होणार का?"

तोच प्रश्न घेऊन सुनीता पुंडलिकनगरला गेली, आणि म्हणून मॅडमचा तो पहिला फोन.

जमिनीवर पाय टेकून मी परत फोन लावला, तेव्हा मॅडमनी आधी तो प्रश्न माझ्या तोंडून पुन्हा ऐकून घेतला. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरानं फार बरोबर विचारलंय. मोठी माणसं विचारत नाहीत." मग त्यांनी सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं. आईचं वजन त्या महिन्यांत गरजेपेक्षा जास्त वाढलं तर बाळ मोठं जन्मायची आणि पुढं लहानपणीही अंगानं जड राहायची शक्यता वाढते. आईच्या रक्तात साखर जास्त असली की ती बाळापर्यंत पोचते, आणि बाळाचं अंग ती साठवायला लागतं. "पण गोरखराव," त्या म्हणाल्या, "शक्यता वाढते म्हणजे कपाळावर लिहून येत नाही. आईबापाची ठेवण असते, घरचं ताट असतं, खेळ असतो, झोप असते. सगळं खापर सुनीताच्या पोटावर फोडायचं नाही. एक धागा आपल्या हातात आहे, तो आपण सोडायचा नाही, एवढंच."

मला कुणी गोरखराव म्हणायची ती पहिली वेळ.

मॅडमच्या कामाची रीत अशी की बाईचं वजन एकट्या बाईला विचारायचं नाही. स्वयंपाक करणारी कोण, बाजार आणणारा कोण, दोघांना बोलवायचं. ज्यांचे नवरे दुबईला, कुवेतला, ओमानला, त्यांच्यासाठी मॅडमनी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली, कारण तिकडं शुक्रवारी सुट्टी असते. त्या दुपारी आमच्यासारखे बाप कॅम्पातून, म्हणजे मजुरांच्या वस्तीतून, रांगेनं फोन लावतात. मॅडमचा पहिला प्रश्न प्रत्येकाला ठरलेला, "पार्सलात काय पाठवलंत?" पहिल्या शुक्रवारी मी मोठ्या अभिमानानं यादी वाचली. मॅडम म्हणाल्या, "पिस्ते मूठभर ठेवा. चॉकलेट आणि सरबताची पावडर कॅम्पातल्या मित्रांना वाटा, त्यांचं बाळंतपण जवळ आलेलं नाही."

दवाखान्यातला वजनकाटा पडद्यामागं. आकडा मोठ्यानं बोलायचा नाही, हा मॅडमचा नियम. शबाना सिस्टर तो नियम फार कडक पाळतात, पण तोंड त्यांचं बंद नसतं. माय पहिल्यांदा गेली तेव्हा सुनीताच्या मागोमाग पडद्यात शिरायला लागली. सिस्टर म्हणाल्या, "अम्मा, तुम किधर? काट्यापे बहू चढती, सास बाहर बैठती." माय म्हणाली, "म्या फकस्त बगती." सिस्टर म्हणाल्या, "देखना नक्को. देखे तो मोसंबीवाले को बोलेंगे तुम." म्हणजे ती गोष्टही मॅडमच्या कानावर गेली होती तर! माय तोंडाला पदर लावून बाहेर बाकावर बसली.

बायका एकमेकींशी तुलना करतात, तेही मॅडमना खपत नाही. अमकीचं वजन बारा किलोनं वाढलं, माझं का कमी वाढायचं, असं सुनीतानं विचारलं तर म्हणाल्या, "एका मापाचं झंपर सगळ्यांना बसतं का? जी काडीसारखी आहे, तिनं जास्त वाढवायचं. तू आधीच भरलेली आहेस, तू बेतानं वाढवायचं. आणि वाढवायचंच नाही असं तर कुणालाच सांगत नाही मी."

हे शेवटचं वाक्य मायनं बाकावर बसून ऐकायला हवं होतं. तिनं ऐकलं ते एवढंच, की वजन आवरायचं.

माझ्या मायनं एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली. पहिल्या वेळी सगळ्या गावानं खायला घातलं म्हणून थोरला असा झाला, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. तिनं कोठीला कुलूप लावलं. सुनीताला अर्धी भाकर आणि पातळ वरण. भूक लागली तर ताक. शेंगदाणे बंद, गूळ बंद, दूध बंद. सुनीता मला सांगायची नाही, कारण तिलाही तेच वाटायचं, की या खेपेला लेकरू वाचवायचं असेल तर पोट मारावं लागेल. आणि मी तिकडून, "अरे वा, वजन स्थिर हाय," म्हणून खूश!

पुढच्या तपासणीला मॅडमनी काट्यावरचा आकडा बघितला आणि सुनीताच्या पापण्या ओढून बघितल्या. पाचोडला बाजाराच्या दिवशी त्या महिन्यातून एकदा तपासायला येतात. त्या वेळी काम संपल्यावर त्या शबाना सिस्टरला घेऊन सरळ आमच्या घरी आल्या. त्र्याहत्तरीला टेकलेल्या बाई, बांधाबांधानं चालत. सुनीतानं मला फोन लावून लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. मला मॅडमचा अर्धा चेहरा, मायचे हात आणि चूल एवढंच दिसत होतं. बाकीचं कानानं.

"आजी, जेवायला वाढा मला," मॅडम म्हणाल्या आणि पाटावर बसल्या.

मायची धांदल उडाली. "थांबा, म्या चार पुऱ्या लाटती."

"पुऱ्या नकोत. सुनीताला रोज वाढता ते वाढा. तेवढंच."

मायचे हात थांबले. मग तिनं अर्धी भाकर आणि वाटीत वरण वाढलं. मॅडम शांतपणे जेवल्या. ताट रिकामं झालं. त्यांनी ते तसंच पुढं धरलं.

"आजी, एवढ्यावर मी पुंडलिकनगरपर्यंतसुद्धा पोचायची नाही. आणि ही पोरगी तर बसल्या जागी एक माणूस घडवतेय."

मायचा आवाज चढला. "तुमीच म्हन्लात ना वजन आवरा! आवरलं म्या. आता कामून बोलता?"

"मी आवरा म्हणाले. उपाशी ठेवा नाही म्हणाले."

"मंग तसं नीट सांगायचं की! आमाला काय कळतंय त्यातलं?"

मी तिकडं कॅम्पात घामाघूम. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना माय तोंडावर असं बोलली. आता मॅडम उठून जातात, असं मला वाटलं. मॅडम म्हणाल्या, "खरं आहे. चूक माझी झाली. काय कमी करायचं ते सांगितलं, काय वाढवायचं ते सांगायचं राहिलं. चला, आता दोघी मिळून बघू. कोठीची किल्ली द्या."

इतकी वर्षं ज्यांच्या शब्दावर शहर चाललं, त्या बाई माझ्या मायसमोर, चुलीपुढं, चूक माझी म्हणाल्या. मॅडमबद्दल मला एकच प्रसंग सांगायचा झाला असता तर मी हाच सांगितला असता.

नंतर तासभर दोघी कोठीत. काय बाहेर, काय आत. ज्वारीची भाकर पोटभर, वर डाळ, पालेभाजी, रोज एक अंडं, दूध, मूठभर शेंगदाणे. साखरेचा शिरा, तळलेलं आणि बिस्किटाचे पुडे आत. "दोन जिवांचं खायचं म्हणजे दुप्पट नाही, आजी. बरोब्बर." मायनं तो शब्द तिथल्या तिथं उचलला. रोज संध्याकाळी सुनीतानं वावरापर्यंत चालायचं, आणि सोबत श्रेयसनं. हे शेवटचं मॅडमनी मुद्दाम घातलं. जाताना त्यांनी त्याला जवळ घेतलं. तो दाराआड उभा होता. जाड्या, भोपळ्या असलं या घरात कुणी म्हणायचं नाही आणि त्याला चारचौघांत कुठल्या काट्यावर उभा करायचं नाही, हे आधी सगळ्यांना बजावलं. मग त्याला म्हणाल्या, "तुझं अंग वाईट नाहीये, बाळा. ते पहिल्यापासून साठवायला शिकलंय. आता आपण त्याला खर्चायला शिकवू. आणि तू विचारलंस ना बाळाचं? त्याची काळजी मी घेते. तू आईला रोज फिरवून आण. जमेल?"

"जमल," तो म्हणाला. एवढंच. पण त्या दिवसापासून तो आईला एकही संध्याकाळ बसू देईना.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण आलं. आमच्याकडं ते म्हणजे बाईची परीक्षाच. झोपाळ्यावर बसवतात आणि गल्लीतली प्रत्येक जण आपापलं ताट घेऊन येते. तुझं खाल्लं अन् माझं नाही, म्हणून रुसवे. मायला वाटत होतं, मॅडम आता हे बंद करा म्हणतील आणि आपली गल्लीत नाचक्की होईल. मॅडम म्हणाल्या, "बंद कशाला? मलाही बोलवा." आणि त्यांनी एक युक्ती काढली. ताटं सगळ्यांची आली पाहिजेत, पण सुनीताला प्रत्येकीनं भरवायचा एकच घास. तोही आपल्या हातानं, आशीर्वाद देऊन. बाकीचं सगळं पंगतीला.

मॅडम खरंच आल्या. हिरवी साडी नेसून, ओटीचं सामान घेऊन. पहिला घास त्यांनीच भरवला. शेजारच्या सखूकाकूला हे पटेना. "काय गं, ल्योक परदेशात कमावतोय अन् सुनेला घासावर ठेवली व्हय? उपाशी मारती का?"

माय कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "सगळ्या गल्लीचा एकेक घास खाल्लाय तिनं. एवढे घास तूच खाऊन दाव की बसून! अन् तुझं ताट काय वाया चाललंय? ते बघ, तुझाच नवरा जेवतोय त्यातलं."

हशा पिकला. सखूकाकूही हसली. मी फोनवर एकटाच हसत होतो, तर बाजूच्या पलंगावरचा बिहारी दोस्त विचारायला लागला, क्या हुआ भाई. आता आमच्या गल्लीत डोहाळजेवण असंच होतं. बायका त्याला घासाचं डोहाळजेवण म्हणतात.

मग मुलगी झाली, याही वेळी सिझेरियन करूनच. तीन किलोच्या आतबाहेर. साखर नीट, रडणं कडक. बाळ बघायला आलेली कुणी तरी म्हणाली, "एवढुशीच?" माय म्हणाली, "एवढुशी नाय, बरोब्बर हाय!"

त्या शुक्रवारी मी मॅडमना फोन केला आणि आनंदाच्या भरात म्हणालो, "मॅडम, आता ही जाडी होणार नाही ना? सुटलो ना आम्ही?" त्या म्हणाल्या, "हमी मी कुणालाच देत नाही, गोरखराव. पोटातला भाग आपण सांभाळला. आता ताटातला आणि अंगणातला तुम्ही सांभाळायचा. आणि थोरल्याला विसरू नका. त्याला उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही. त्याची उंची वाढतेय, तिला पुढं जाऊ द्या. वजन मागं राहील." आणि मग, जरा थांबून, "पोरं बापाबरोबर पळतात हो. मोबाईलमधल्या बापाबरोबर नाही पळत." त्या वर्षापासून मी सुट्टी साठवत नाही. मिळाली की घरी येतो आणि आल्या दिवशी संध्याकाळी दोघांना घेऊन वावरात.

मॅडमच्या मायेची अजून एक गोष्ट लिहायलाच हवी. सिझेरियनचे टाके दुखायचे म्हणून सुनीता मुलीला पाजायला घाबरायची, आणि गल्ली म्हणत होती, पावडरच्या दुधाचा डबा सुरू करा. मॅडमनी शबाना सिस्टरला बाजाराच्या दिवशी मुद्दाम आमच्याकडं पाठवलं. सिस्टरनं सुनीताला कुशीवर निजवून बाळ बाजूला कसं घ्यायचं ते दाखवलं आणि म्हणाल्या, "डब्बा मेडिकल की दुकान में अच्छा दिखता. उधरिच रैने दो." डबा शेवटपर्यंत आला नाही.

आता जे सांगायचं म्हणून मी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो.

गेल्या आठवड्यात काम लवकर सुटलं. मी घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. शेवटी मायनं उचलला, धापा टाकत.

"श्रेयस कुठंय?"

"घरात नाय."

"मंग कुठंय?"

"आता मला काय ठाव? खो-खोला गेलाय शाळेच्या पोरांसंगं. त्याच्यामागं धाकटी पळाली. तिला आणाया सुनीता गेली. मी तवा टाकून तुझ्या फोनला आले, भाकर जळाली माझी. ठेव!"

ठेवला तिनं. आणि मी हातातल्या बंद फोनकडं बघून असा खूश झालो की काय सांगू! माझी मुलं घरात नव्हती. जो पोरगा पहिल्या रिंगला फोन उचलायचा, तो मला सापडला नाही. श्रेयस अजूनही इतर पोरांपेक्षा भरलेला आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याला खो-खोत घेतात, तो बाद होतो, भांडतो, पुन्हा खेळतो. आणि धाकटी त्याच्यामागं पळते.

मॅडम, आपण पंचाहत्तर वर्षांच्या झालात. आपले गुडघे धड राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि कुणाच्याही चुलीपुढं बसून ताट पुढं करायची आपली ताकद कधी कमी न होवो. खूप खूप जगा. इतकं, की एखाद्या संध्याकाळी आपण पुंडलिकनगरच्या गच्चीवर उभं राहावं आणि खालच्या गल्लीत आपल्या हातांवर जन्मलेल्या लेकरांचा एवढा दंगा चाललेला असावा, की आपल्यालाच ओरडून सांगावं लागावं, "अरे, दिवे लागले, आता तरी घरी जा!"

आणि एकानंही ऐकू नये.